बुरूज, ओवी आणि दुग्धपेढी : स्तन्यदानाच्या स्मरणरूपांची चिकित्सा

सारांश

आईच्या दुधाचा गौरव मराठी भाषेत, साहित्यात आणि लोकपरंपरेत सर्वत्र आढळतो. या गौरवातील स्मरण मात्र बहुतांशी अपत्याचे, समाजाचे वा राज्यसत्तेचे असते. दूध पाजणाऱ्या स्त्रीचा स्वतःचा अनुभव त्यात क्वचितच उमटतो. प्रस्तुत लेखात हिरकणीची कथा, जात्यावरची ओवी, बेबी कांबळे यांचे आत्मकथन, महाश्वेता देवींची ‘स्तनदायिनी’ ही कथा, तसेच स्तन्याभूषणे, छायाचित्रे आणि दुग्धपेढी ही आजची रूपे यांची तुलनात्मक चिकित्सा केली आहे. मातेला आपला स्तन्यदानाचा अनुभव अर्थपूर्ण रीतीने जतन करावयाचा असेल, तर त्या स्मरणरूपाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : स्तन्यदान, स्मृती, हिरकणी, जात्यावरची ओवी, स्तनदायिनी, दुग्धपेढी

१. प्रस्तावना

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या काळात जागतिक स्तनपान सप्ताह साजरा होतो. ऑगस्ट १९९० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे झालेल्या इनोसेन्टी घोषणापत्राच्या स्मरणार्थ १९९२ पासून हा उपक्रम सुरू झाला. आपल्या महाविद्यालयांतूनही या निमित्ताने भित्तिपत्रके लागतात, व्याख्याने होतात, घोषवाक्यस्पर्धा घेतल्या जातात. या सर्व कार्यक्रमांचा आशय साधारणपणे एकच असतो : आईचे दूध बाळासाठी अमृत आहे. हे आरोग्यदृष्ट्या निर्विवाद सत्य आहे. परंतु या वाक्यात दूध आहे आणि बाळ आहे. आई केवळ षष्ठी विभक्तीपुरती आली आहे.

हा व्याकरणाचा योगायोग नाही. स्तन्यदान हा स्त्रीच्या आयुष्यातील काही महिन्यांचा वा दोन-तीन वर्षांचा अत्यंत सघन कालखंड असतो. त्यात पान्हा फुटल्याचा आनंद असतो, तसेच भेगाळलेल्या स्तनाग्रांच्या वेदना, गाठींचा ताप, रात्रीची जागरणे आणि ‘दूध पुरते की नाही’ ही भीतीही असते. एके दिवशी तो कालखंड संपतो आणि त्याची कोणतीही खूण उरत नाही. ज्याच्यासाठी हे सर्व केले त्या अपत्याला यातील काहीही आठवत नाही. म्हणजे या अनुभवाला साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे स्वतः माता. तिने स्मरण जपले नाही तर ते कोणीही जपू शकत नाही. म्हणूनच स्तन्यदानाच्या स्मरणाचा प्रश्न भावुकतेच्या कक्षेत सोडून देता येत नाही. स्त्रीच्या अनुभवाला इतिहासात जागा मिळते की नाही, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

२. भाषा आणि संस्कार : अपत्याच्या बाजूची स्मृती

भाषा हे कोणत्याही समाजाचे सर्वांत जुने स्मारक असते. मराठीत स्तन्यदानाविषयीचा शब्दसंग्रह समृद्ध आहे. पान्हा, पान्हावणे, तान्हे, अंगावर पाजणे, दूध तोडणे, दूधभाऊ, दूधआई असे कितीतरी शब्द सहज आठवतात. यांतील ‘पान्हा’ हा शब्द तर विलक्षण आहे. दूध असणे आणि दूध दाटून येणे यांतील भेद तो नेमका टिपतो. ज्या स्त्रियांनी ती दाटून येण्याची क्रिया शरीरात अनुभवली, त्यांच्याच बोलण्यातून तो घडला असला पाहिजे.

शब्दांकडून वाक्प्रचारांकडे वळले की चित्र बदलते. ‘आईच्या दुधाची शपथ’, ‘आईचे दूध प्यायला असशील तर’, ‘दुधाचे पांग फेडणे’ या सर्व प्रयोगांत बोलणारा वा ज्याला उद्देशून बोलले जाते तो अपत्य आहे, आणि बहुधा पुत्र आहे. दूध येथे ऋण बनते, शौर्याची कसोटी बनते. ऋणाची भाषा ऋणको बोलतो. धनकोला काय वाटले हे त्या भाषेत विचारले जात नाही.

संस्कारांची रचनाही याहून वेगळी नाही. गर्भवतीचे डोहाळजेवण होते, तिची ओटी भरली जाते. तोवर समाजाचे लक्ष तिच्याकडे असते. प्रसूतीनंतर पाचवी, बारसे, पुढे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण हे सर्व विधी बाळाचे आहेत. उष्टावणात मामा बाळाला पहिला घास भरवतो. बाळाच्या आयुष्यातील या संक्रमणाला विधीचा मान आहे. पण त्याच संक्रमणाची दुसरी बाजू, म्हणजे आईचे दूध हळूहळू आटत जाणे आणि शेवटी दूध तोडणे, हिला कोणताही विधी नाही. दूध तोडण्यासाठी स्तनाग्राला कडुलिंबासारखा कडू पदार्थ लावण्याचे घरगुती उपाय सर्वांना ठाऊक आहेत. त्या दिवशी आईच्या मनात काय होते याची नोंद घेणारी प्रथा मात्र नाही.

संतसाहित्यात ईश्वर माउली होतो. विठ्ठलाला आई म्हणताना वारकरी संत पान्ह्याची, वत्साची, तान्हेल्याची प्रतिमा वारंवार योजतात, आणि जनाबाईंच्या अभंगात तो लेकुरवाळ्या रूपात येतो. वात्सल्याला एवढी उंची क्वचितच दुसऱ्या परंपरेने दिली असेल. तरीही भक्ताची जागा बालकाचीच राहते. आधुनिक काळात १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने मातृस्मरणाचा जो आदर्श घालून दिला, तोही पुत्राच्या आठवणींचा आहे. त्या पुस्तकाचे मोठेपण वादातीत आहे. परंतु मराठी वाचकाने मातृत्वाचे स्मरण म्हणजे मुलाने केलेले स्मरण, असे समीकरण पुढे जवळजवळ गृहीत धरले, हेही नोंदवावे लागते.

३. हिरकणी : बुरूज, वाट आणि दरवाजा

स्तन्यदानाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक स्मारक म्हणजे रायगडावरील हिरकणी बुरूज. कथा सर्वश्रुत आहे. गडाच्या पायथ्याच्या वाडीतील हिरकणी ही गवळण दूध विकण्यासाठी गडावर गेली. अनेक कथनांत तो दिवस कोजागरी पौर्णिमेचा आहे. विक्रीत उशीर झाला, सूर्यास्तानंतर गडाचे दरवाजे बंद झाले आणि पहारेकऱ्यांनी नियमाप्रमाणे तिला बाहेर सोडले नाही. घरी तान्हे मूल भुकेले होते. तिने रात्री एका बाजूचा ताशीव कडा उतरून घर गाठले. शिवाजी महाराजांना हे कळताच त्यांनी तिचा साडीचोळी देऊन सत्कार केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून त्यास तिचे नाव दिले.

ही कथा आपल्यापर्यंत प्रामुख्याने लोकपरंपरेने पोचवली आहे. येथे तिच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न गौण असून, परंपरेने तिला दिलेली रचना महत्त्वाची आहे. त्या रचनेकडे बारकाईने पाहिले असता तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट दुधाची. हिरकणी दूध विकणारी आहे. दुसऱ्यांच्या घरचे दूध वेळेवर पोचावे म्हणून ती स्वतःच्या मुलापासून दूर जाते, आणि विकाऊ दूध संपल्यावर न विकता येणाऱ्या दुधाची हाक तिला ऐकू येते. श्रम करणाऱ्या स्त्रीची ही आदिम कोंडी आहे. आज पाळणाघर नसलेल्या बांधकामावर वा कारखान्यात राबणाऱ्या स्त्रीची कोंडी याहून फार वेगळी नाही. परंतु कथेच्या प्रचलित कथनात हा श्रमाचा धागा लगेच सुटतो आणि केवळ ‘आईची माया’ उरते.

दुसरी गोष्ट बुरुजाची. बुरूज कोठे बांधला गेला? जेथून हिरकणी उतरली तेथेच. आणि तो का बांधला गेला? ती वाट उतरता येते, म्हणजे शत्रूला चढताही येईल, म्हणून. एका मातेच्या धाडसाचे स्मारक त्याच वेळी गडाच्या संरक्षणातील उणिवेची दुरुस्ती आहे. राज्यकर्त्याच्या दृष्टीने हा निर्णय दूरदर्शी आणि गुणग्राहक होता, यात शंका नाही. परंतु स्मरणाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होतो की, ज्या वाटेने आई मुलाकडे गेली ती वाट तिच्या नावाने बंद झाली. यानंतर एखादी दुसरी हिरकणी गडावर अडकली असती, तर तिला कडाही उरला नसता.

तिसरी गोष्ट दरवाजाची. कथेत हिरकणीची विनवणी नाकारणारा दरवाजा शेवटपर्यंत तसाच राहतो. तान्हे मूल असलेल्या स्त्रीसाठी सूर्यास्तानंतरही दिंडी उघडावी, असा बदल कथेत कोणी सुचवत नाही. लोककथेला तो सुचवावासा वाटला नाही, यातच आपल्या सामूहिक कल्पनाशक्तीची मर्यादा दिसते. स्त्रीने अशक्य ते करून दाखवावे आणि मग समाजाने तिचा सत्कार करावा, हा क्रम आपल्याला इतका परिचित आहे की ‘अशक्य’ हे मुळात का निर्माण झाले हा प्रश्न उद्भवतच नाही.

कथेतील सर्वांत मोठे मौन याहून पुढचे आहे. घरी पोचल्यावर हिरकणीने बाळाला पाजले, तो क्षण कथनांत एका वाक्यात उरकला जातो. खरचटलेल्या हातांनी तिने मूल कसे उचलले, दिवसभर दाटलेल्या छातीच्या ठणक्याला उतार पडला तेव्हा तिला काय वाटले, याविषयी परंपरा बोलत नाही. २०१९ मध्ये प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘हिरकणी’ या चित्रपटातही नाट्याचा कळस कडा उतरण्यातच आहे. कडा दिसतो, म्हणून तो स्मरणात राहतो. पान्हा दिसत नाही.

आज हिरकणीवाडीतून रोपवेने पर्यटक काही मिनिटांत गडावर पोचतात. राज्य परिवहन महामंडळाने आपल्या निमआराम गाड्यांना ‘हिरकणी’ हे नाव दिले. पुढे बसस्थानकांत आणि शासकीय कार्यालयांत स्तनदा मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ सुरू झाले. या लेखाच्या दृष्टीने हा शेवटचा नामविस्तार विशेष मोलाचा वाटतो. बुरुजाने वाट बुजवली होती. कक्षाने निदान एक दार उघडले. प्रत्यक्षात हे कक्ष अनेकदा कुलूपबंद असतात वा अडगळीची खोली होतात, ही तक्रार सर्वपरिचित आहे. तरीही स्मारकाची कल्पना म्हणून कक्ष बुरुजापेक्षा पुढची आहे, कारण त्यात हिरकणीचे नाव दुसऱ्या एका आईच्या उपयोगी पडते.

४. ओवी आणि आत्मकथन : मातेचा स्वतःचा आवाज

हिरकणी बोलत नाही. पण जात्यावर बसलेली स्त्री बोलते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्याआधी साने गुरुजींनीही ‘स्त्री जीवन’ या संग्रहातून ओव्यांचे मोठे भांडार मराठी वाचकांसमोर ठेवले होते. या दोन्ही संग्रहांत तान्ह्या बाळाचे कौतुक, त्याची दृष्ट, त्याचा पाळणा यांसोबत आईच्या उपकारांची आठवण हा विषय सतत येतो.

वरवर पाहता येथेही ऋणाचीच भाषा आहे. पण एक मूलभूत फरक आहे. ओवी गाणारी ही लेक आहे आणि बहुधा स्वतः आईही आहे. आपल्या आईचे उपकार फिटत नाहीत असे ती म्हणते, तेव्हा ते उपकार म्हणजे काय हे तिला आपल्या शरीरावरून ठाऊक झालेले असते. पुत्राच्या तोंडी जे ऋण म्हणून येते, ते लेकीच्या तोंडी ज्ञान म्हणून येते. एका पिढीच्या स्तन्यदानाची स्मृती दुसऱ्या पिढीच्या स्तन्यदानातून उजळते. हे स्मरण दोन स्त्रियांमधील आहे, हेच त्याचे वेगळेपण होय.

शिवाय हे स्मरण कामाच्या बाहेर काढलेल्या वेळेत होत नाही. दळण चालू असते, पहाट झालेली नसते, मूल जवळच निजलेले असते. स्मरण आणि श्रम यांची अशी एकजीव घडण बुरुजाच्या दगडात शक्य नाही. विजेच्या गिरण्या आल्या आणि जाते बंद झाले; स्त्रीचे कष्ट हलके झाले याचा आनंदच मानला पाहिजे. त्याबरोबर तिची बोलण्याची जागाही गेली आणि तिच्या बदली दुसरी जागा आपण निर्माण केली नाही, ही मात्र सांस्कृतिक हानी आहे.

ओवीलाही मर्यादा आहेत. ओवी दुःख सांगते, परंतु परंपरेने मान्य केलेल्या सुरात. जे त्या सुरात बसत नाही ते आत्मकथनांनी सांगितले. बेबी कांबळे यांच्या १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातील बाळंतिणीच्या उपासमारीचे जे चित्रण आहे, त्याने ‘आईचे दूध अमृत’ या वाक्याला एक अपरिहार्य प्रश्न जोडला : त्या आईच्या पोटात काय होते? दूध निसर्गतः येते, पण ते अन्नातून येते, आणि अन्नाची वाटणी जातीने ठरवलेली होती. स्तन्यदानाच्या गौरवातून हा प्रश्न वगळला की गौरव सुखवस्तू घरापुरता उरतो. बेबी कांबळे यांचे लेखन हे त्या अर्थाने स्तन्यदानाचेही स्मारक आहे. ते कोणाचा सत्कार करत नाही, साक्ष देते.

५. ‘स्तनदायिनी’ : देवत्वाची किंमत

स्मरणाचा अतिरेक कोठे नेतो हे महाश्वेता देवींच्या ‘स्तनदायिनी’ या बंगाली कथेत दिसते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या इंग्रजी अनुवादामुळे आणि विवेचनामुळे ही कथा आपल्या विद्यापीठीय वर्तुळात सुपरिचित आहे. नायिका जशोदा गरीब ब्राह्मणाची पत्नी. श्रीमंत हालदार कुटुंबातील मुलाच्या मोटारीखाली नवऱ्याचे पाय निकामी होतात आणि घर चालवण्यासाठी ती त्याच कुटुंबात धाय म्हणून राहते. दूध येत राहावे म्हणून ती स्वतः वारंवार गर्भवती होत राहते. हालदारांच्या सुनांचा बांधा टिकतो, मुलांना दूध मिळते आणि जशोदेला मिळतो तो मान. ती गोमाता, जगन्माता ठरते. घरमालकीण गेल्यावर तिची गरज संपते. शेवटी तिला स्तनांचा कर्करोग होतो आणि ती रुग्णालयात एकाकी मरते. जिचे दूध इतक्यांनी प्याले तिच्या अंत्यसंस्काराला त्यांतील कोणीही नसते.

नायिकेचे नाव यशोदेवरून घेतले आहे हे उघड आहे. परंतु पुराणातील यशोदेचे मोल वात्सल्यात होते, येथे ते मजुरीत आहे. आणि मजुरी कमी देता यावी म्हणून देवत्व वाढवले जाते, हे लेखिकेचे निदान अतिशय तिखट आहे. पूजा ही येथे वेतनाचा पर्याय बनते. जशोदेचे शरीर झिजत असताना तिच्याविषयीची स्तुती कमी होत नाही, उलट वाढतच जाते. स्तन्यदानाच्या कोणत्याही सार्वजनिक गौरवासमोर ‘स्तनदायिनी’ हा प्रश्न ठेवते : या गौरवाच्या बदल्यात तिला काय मिळाले, आणि काय द्यायचे टळले?

हा प्रश्न केवळ साहित्यिक नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन विरामांची तरतूद केली. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांपर्यंत वाढवली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी समाविष्ट झाल्या. तथापि, शेतमजूर, घरकामगार, ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रिया यांच्यापर्यंत या तरतुदी क्वचितच पोचतात. त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने घोषवाक्ये येतात.

६. आजची स्मरणरूपे : आभूषण आणि छायाचित्र

गेल्या दीड-दोन दशकांत मातांनी स्वतःसाठी काही नवी स्मरणरूपे शोधली आहेत. पाश्चात्त्य देशांत रुजलेली आणि आता भारतातील शहरांतही पोचलेली एक पद्धत म्हणजे स्तन्याभूषण. आईच्या दुधाचे थोडेसे प्रमाण वाळवून, त्याची भुकटी टिकाऊ करून ती रेझिनमध्ये बसवली जाते आणि तिचे लॉकेट वा अंगठीतील खडा तयार होतो. दुसरे रूप म्हणजे छायाचित्र. २०१६ च्या अखेरीस जगभरातील मातांनी स्तनपानाची छायाचित्रे संगणकीय प्रक्रियेने रंगवून प्रसृत केली. त्यांत स्तनातील दुग्धवाहिन्या वृक्षाच्या मुळांसारख्या वा फांद्यांसारख्या दाखवल्या होत्या.

या प्रकारांना ‘चंगळ’ म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. मागील सर्व रूपांच्या तुलनेत यांत एक गोष्ट नवी आहे : स्मरण करण्याचा निर्णय मातेचा आहे. बुरूज राजाने बांधला, आठवणी पुत्राने लिहिल्या, देवत्व हालदारांनी दिले. अंगठी मात्र ती स्वतः करवून घेते आणि स्वतः घालते. त्या पांढऱ्या खड्यात काय आहे हे इतरांना कळलेच पाहिजे असेही नाही. या खाजगीपणाला प्रतिष्ठा आहे.

तरीही दोन आक्षेप शिल्लक राहतात. पहिला, वस्तू मुकी असते. दुधाचा अंश टिकतो, त्या काळाचा वृत्तांत टिकत नाही. आणखी एका पिढीनंतर तो केवळ एक खडा असेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे आभूषण यशाचे पदक होण्याचा धोका असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतात सहा महिन्यांखालील बालकांपैकी ६३.७ टक्के बालकांना केवळ स्तनपान मिळत होते. याचा अर्थ एक तृतीयांशाहून अधिक बालकांच्या बाबतीत ते घडले नाही. त्याच सर्वेक्षणात ८८.६ टक्के प्रसूती संस्थांत झाल्या असताना, जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. म्हणजे अपयश म्हणून जे आईच्या पदरी टाकले जाते, त्यातील मोठा भाग व्यवस्थेचा असतो. ज्या स्त्रीला दूध आलेच नाही, आजारपणामुळे पाजता आले नाही वा कामामुळे लवकर तोडावे लागले, तिचाही हा अनुभवच आहे. तिच्या प्रयत्नांना जागा नसलेले स्मरण अपुरे आहे.

छायाचित्राचा प्रश्न आणखी वेगळा. मार्च २०१८ मध्ये केरळमधील ‘गृहलक्ष्मी’ या मल्याळम नियतकालिकाने मुखपृष्ठावर बाळाला पाजणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र छापले आणि सार्वजनिक ठिकाणी स्तनपान करणाऱ्या स्त्रियांकडे रोखून पाहू नये, असे आवाहन केले. त्यावर वाद झाला. अश्लीलतेचा आरोप करणारी याचिका केरळ उच्च न्यायालयाने फेटाळली. त्या निकालात राजा रवि वर्मा यांच्या चित्रांचाही उल्लेख झाला. न्यायालयाचा निर्णय स्वागतार्हच होता. पण टीकाकारांचा दुसरा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. मुखपृष्ठावरील स्त्री अविवाहित मॉडेल होती आणि बाळ दुसरीचे होते. पाजण्याच्या हक्काची मोहीम प्रत्यक्ष पाजणाऱ्या आईला बाजूला ठेवून उभी राहिली. जशोदेच्या कथेतील विभागणी येथे उलटी झाली : तेथे दूध भाड्याने घेतले होते, येथे प्रतिमा. मातेला दृश्यात जागा मिळवून देण्याच्या प्रयत्नातही ती अदृश्य राहू शकते, हे यावरून दिसते.

प्रतिमेची विक्रयशक्ती आपल्या कायद्यानेही ओळखली आहे. १९९२ चा शिशुदुग्धपर्यायांविषयीचा कायदा, ज्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली, दुधाच्या भुकटीच्या डब्यावर माता वा बालकाचे चित्र छापण्यास मनाई करतो. माता-बालकाचे चित्र निरागस नसते. ते कोणासाठी आणि कशासाठी वापरले जाते यावर त्याचा अर्थ ठरतो.

७. दान हेच स्मरण : दुग्धपेढी

मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते, गोठवून साठवले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या नवजातांना दिले जाते. दुग्धपेढी ही वैद्यकीय सेवा आहे. परंतु स्मरणरूप म्हणून तिच्याकडे पाहिले, तर आतापर्यंतच्या चर्चेतील बऱ्याच गाठी येथे सुटतात असे दिसते.

हिरकणीला दोन दुधांत निवड करावी लागली होती : एक विकण्याचे आणि एक पाजण्याचे. दुग्धपेढीत आईचे उरलेले दूध दुसऱ्या बाळापर्यंत पोचते, पण ते विकले जात नाही. जशोदेच्या दुधाला मालक होता. येथील दात्रीला नाही. ‘दूधआई’ हा जुना मराठी शब्द येथे नव्याने सार्थ होतो, जरी दात्री आणि बालक एकमेकांना ओळखत नसले तरी.

सर्वांत हृद्य उदाहरण बाळ गमावलेल्या मातांचे आहे. मूल जाते, पण दूध लगेच थांबत नाही. शरीराला मृत्यूची वार्ता उशिरा पोचते. अशा वेळी दूध आटवणारे औषध देऊन विषय संपवणे हाच बहुतेक ठिकाणचा रिवाज असतो, आणि अनेक मातांना तेच हवे असते. काही माता मात्र काही दिवस वा आठवडे दूध काढून पेढीला देतात. अमेरिकेतील काही दुग्धपेढ्यांनी अशा मातांच्या बाळांसाठी स्मृतिभिंती वा स्मृतिवृक्ष उभारले आहेत. यापेक्षा अर्थपूर्ण स्मरण कोणते असू शकेल? अपत्य नसतानाही ती स्त्री माता होती, ही गोष्ट येथे कोणाच्याही स्तुतीविना मान्य होते. आपल्याकडील दुग्धपेढ्यांनीही, मातेवर कोणताही दबाव न आणता, अशी शक्यता तिला निदान सांगावी, असे सुचवावेसे वाटते.

८. निकष आणि निष्कर्ष

वरील चिकित्सेतून स्तन्यदानाच्या स्मरणरूपांचे मूल्यमापन करण्यासाठी चार निकष हाती येतात.

(१) स्मरणाचा कर्ता कोण? मातेचा स्वतःचा आवाज वा निर्णय त्यात असावा. या कसोटीला ओवी, आत्मकथन आणि आभूषण उतरतात. बुरूज उतरत नाही.

(२) अनुभव संपूर्ण आहे काय? वेदना, अपुरेपणा, दूध तोडण्याची हुरहूर आणि उपासमार यांना त्यात स्थान असावे. केवळ अमृताची भाषा अनुभवाला अर्धा करते.

(३) ज्यांना पाजता आले नाही त्यांना ते दुखावते काय? जे स्मरण पदक बनते ते इतर मातांसाठी आरोप बनते.

(४) त्यातून दुसऱ्या आईसाठी काही सुकर होते काय? हिरकणी कक्ष आणि दुग्धपेढी यांचे मोल या निकषावर ठरते.

कोणतेही एक रूप चारही निकष पूर्ण करील अशी अपेक्षा नाही. अंगठीने कायदा बदलावा असे कोणी म्हणणार नाही, आणि कक्षाला आवाज नसतो. मात्र वैयक्तिक आणि सार्वजनिक अशी दोन रूपे एकमेकांना पूरक ठरू शकतात. मातेने स्वतःसाठी ठेवण्याजोगे सर्वांत साधे आणि टिकाऊ रूप म्हणजे तिचे स्वतःचे निवेदन. ते वहीत लिहिलेले असो, मुलाला मोठेपणी द्यायचे पत्र असो वा मुलीसून-नातीला सांगितलेली आणि ध्वनिमुद्रित केलेली आठवण असो. आज माता व बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या वजनाचा आलेख असतो, लसींच्या तारखा असतात. त्या महिन्यांविषयी आईचे एकही वाक्य नसते. ते वाक्य तिने अन्यत्र लिहून ठेवावे, एवढाच याचा अर्थ.

सार्वजनिक बाजूची जबाबदारी संस्थांची आहे, आणि महाविद्यालये त्यास अपवाद नाहीत. जात्यावरच्या ओवीच्या संकलनाला जोडून भाषा आणि समाजशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील आज्या व मातांची स्तन्यदानविषयक निवेदने जमवली, तर एक मौलिक मौखिक दस्तऐवज तयार होईल. ‘हिरकणी’ आणि ‘स्तनदायिनी’ एकाच तासिकेत शेजारी ठेवून शिकवल्या, तर विद्यार्थ्यांना गौरव आणि न्याय यांतील अंतर सहज दिसेल. आणि ऑगस्टमधील सप्ताहाचे भित्तिपत्रक लावण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने एक साधी पाहणी करावी : आपल्या इमारतीत तान्हे मूल असलेल्या विद्यार्थिनीला, प्राध्यापिकेला वा सफाई कर्मचारी स्त्रीला बसून पाजता येईल अशी, आतून कडी लागणारी आणि बाहेरून कुलूप नसलेली एक खोली आहे काय? ती नसेल, तर भित्तिपत्रकाआधी त्या खोलीची तजवीज झाली पाहिजे.